सकाळी साडेदहाला पोरगी घरी कशी? होमस्कूलिंग करणाऱ्या घरातली सकाळ नेमकी कशी असते

मंगळवार, सकाळचे साडेदहा. कोपऱ्यावरच्या दुकानात मी आणि माझी अकरा वर्षांची लेक. दुकानदार काका गूळ तोलता तोलता तिला विचारतात, "काय गं, आज सुट्टी कसली?"

हा प्रश्न आम्हाला तीन वर्षांत किती वेळा विचारला गेला असेल, याचा हिशोब ठेवणं आम्ही कधीच सोडून दिलं. रिक्षावाले विचारतात, दवाखान्यातल्या सिस्टर विचारतात, लग्नात तर ओळीने विचारतात. लेकीचं उत्तर ठरलेलं आहे. "मी घरी शिकते." मग समोरचा माझ्याकडे बघतो. त्या नजरेत दोनच गोष्टी असतात. एक तर या बाईकडे फी भरायला पैसे नाहीत, नाहीतर ही बाई भयंकर हुशार आहे.

दोन्ही खोटं आहे.

होमस्कूलिंगवर रील्स भरपूर आहेत. पांढऱ्याशुभ्र भिंती, लाकडी खेळणी, खिडकीतून येणारं ऊन आणि त्यात शांतपणे पुस्तक वाचणारं लेकरू. ते बघून इनबॉक्समध्ये येऊन "ताई, तुमचं रूटीन सांगा ना" असं विचारणारे पुष्कळ जण आहेत. म्हणून म्हटलं, एकदा सगळं नीट सांगून टाकू. आमची सकाळ कशी असते, ती तशी का आहे, कायदा काय म्हणतो, परीक्षेचं काय, आणि या सगळ्याची किंमत कोण मोजतं.

आधी हे सुरू का झालं ते सांगते. आमच्याकडे होमस्कूलिंग कुठल्याही तत्त्वज्ञानामुळे सुरू झालं नाही. ते सुरू झालं सकाळमुळे.

लेक तिसरीत होती. शाळा सकाळी सात वाजून दहा मिनिटांनी भरायची, व्हॅन सहा चाळीसला यायची. आणि सहा पस्तीसला लेक उलटी करायची. रविवारी नाही, दिवाळीच्या सुट्टीत नाही, फक्त शाळेच्या दिवशी. पोटाची सोनोग्राफी झाली, जंताचं औषध झालं, दृष्ट काढून झाली. डॉक्टर म्हणाले, पोटात काही नाही, शाळेत काय चाललंय ते बघा. मग हळूहळू कळलं. फळ्यावरचं उतरवून घ्यायला तिला वेळ लागायचा. पूर्ण झालं नाही की उभं राहायचं. वर्गात पन्नासच्या आसपास मुलं, बाईंचाही पोर्शन मागे पडलेला. मी दोनदा जाऊन भेटले, दोन्ही वेळा मला सांगितलं गेलं की मुलगी स्लो आहे, घरी प्रॅक्टिस घ्या.

२०२२ च्या डिसेंबरात आम्ही शाळा सोडल्याचा दाखला काढला. त्यावर 'शाळा सोडण्याचे कारण' असा एक रकाना असतो. क्लार्कने मला विचारलं, काय लिहू? मी काही बोलायच्या आत त्यानेच लिहिलं, 'पालकांच्या विनंतीवरून'.

त्या दिवशी घरात एक माणूस रडलं. लेक नाही, मी नाही. माझ्या सासूबाई.

आई मूळच्या निफाडकडच्या. चौथीत त्यांचं नाव शाळेतून काढलं, कारण धाकट्या भावंडांना सांभाळायला कुणीतरी घरी हवं होतं. त्या मला एवढंच म्हणाल्या, "माझं नाव काढलं तेव्हाही म्हणाले होते, घरी शिकेल की." यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं. १८४८ साली पुण्यात भिडे वाड्यात मुलींची शाळा सुरू करताना सावित्रीबाईंनी आणि जोतीरावांनी काय सोसलं, हे आपण सगळे शाळेतच शिकलो. त्या महाराष्ट्रात चांगली शाळेत जाणारी मुलगी घरी बसवायची, म्हणजे आपण नक्की काय करतोय, हा प्रश्न माझ्या डोक्यातून अजूनही गेलेला नाही. मुलीला घरी शिकवणं आणि मुलीला घरी ठेवणं यात फरक आहे, पण तो फरक बोलून सिद्ध होत नाही. तो रोज सकाळी उठून सिद्ध करावा लागतो.

तर आता सकाळ.

मी पाच वाजता उठते. नाशिकमध्ये आमच्या भागात पाणी पावणेसहाला येतं आणि सव्वासातला जातं. नवरा अंबडच्या एमआयडीसीत कामाला, फर्स्ट शिफ्ट असली की सहा वीसला कंपनीची बस. म्हणजे त्याआधी डबा. बस गेली की मी लॅपटॉप उघडते. एका कर सल्लागाराकडे मी घरून काम करते, बिलांच्या एंट्र्या आणि जीएसटीचे रिटर्न. सात वाजेपर्यंतचा तो वेळ माझा. घरात मुलं उठायच्या आधी माझे दोन तास संपलेले असतात, हे रूटीन विचारणाऱ्यांनी आधी लिहून घ्यावं. मुलांच्या शिक्षणाचा भाग नंतर येतो.

आणि हे काही आजचं नाही. पंडिता रमाबाईंचं उदाहरण घ्या. त्यांचे वडील अनंतशास्त्री डोंगरे यांनी बायकोला संस्कृत शिकवलं, त्यावरून समाजाचा रोष ओढवून घेतला आणि सह्याद्रीच्या रानात गंगामूळला आश्रम थाटून राहिले. १८५८ साली रमाबाईंचा जन्म तिथलाच. त्यांना शिकवलं आई लक्ष्मीबाईंनी. कधी? पहाट फुटायच्या आत. कारण उजाडल्यावर मुलं, नवरा आणि आश्रमातले विद्यार्थी या सगळ्यांचं करता करता त्या माउलीला सवडच नसायची. पेंगुळलेल्या पोरीला अंथरुणातून उचलायचं, लाडाने जागं करायचं आणि पाखरं बोलायला लागायच्या वेळी तिच्याकडून पाठ म्हणून घ्यायचे. हातात पुस्तक नाही, आईच्या तोंडचं तेच पुस्तक. १८८७ साली अमेरिकेत छापलेल्या रमाबाईंच्या इंग्रजी पुस्तकाच्या प्रस्तावनेत हे वर्णन आहे. पुढे याच मुलीला कलकत्त्याच्या विद्वानांनी 'पंडिता' ही पदवी दिली.

आपण गोष्टीतली पदवी लक्षात ठेवतो. मला मात्र ती वेळ लक्षात राहिली. दीडशेहून जास्त वर्षं झाली, आईला शिकवायला वेळ अजून पहाटेचाच मिळतो.

सव्वासातला लेक उठते, आपली आपण. पहिले काही महिने मी तिला उठवायचे, मग सोडून दिलं. झोपेचं महत्त्व आता सरकारलाही पटलंय. फेब्रुवारी २०२४ मध्ये राज्य शासनाने निर्णय काढला की पूर्व प्राथमिक ते चौथीपर्यंतचे वर्ग सकाळी नऊ किंवा त्यानंतरच भरवावेत. मुलांची झोप पूर्ण होत नाही, हेच कारण त्यामागे होतं. आम्ही दाखला काढल्यावर सव्वा वर्षाने हा निर्णय आला. तो आधी आला असता तर? नवरा म्हणतो, असं मागे जाऊन बघायचं नाही.

उठल्यावर तिची दोन कामं पक्की. टाकी भरली की कॉक बंद करायचा आणि दुधाची नोंद करायची.

दुधाची नोंद ही आमच्याकडची सगळ्यात मोठी गणिताची शाळा, म्हणून ती जरा सविस्तर सांगते. आम्ही रोज दीड लिटर दूध घेतो. बासष्ट रुपये लिटर. ज्या दिवशी दूध नको असेल त्या दिवशी कॅलेंडरवर फुली. गेल्या वर्षी एका महिन्यात ३० दिवसांपैकी ३ फुल्या होत्या. लेकीने हिशोब केला, २७ दिवस गुणिले दीड, म्हणजे साडेचाळीस लिटर, गुणिले ६२, झाले २५११ रुपये. दूधवाले काकांचा आकडा २६०४. फरक ९३. लेकीने लगेच ताडलं की ९३ म्हणजे बरोबर एका दिवसाचं दूध. काकांनी एक फुली विसरली! सकाळी साडेसातला ही पोरगी दारात कॅलेंडर घेऊन उभी.

काका शांतपणे म्हणाले, "बाळा, आत्या आली होती ना तुझी? तीन दिवस अर्धा अर्धा लिटर जास्त दिलंय."

तीन दिवस, अर्धा अर्धा लिटर, दीड लिटर, ९३ रुपये. काका बरोबर होते.

लेक दिवसभर गप्प होती. दुसऱ्या दिवशी तिने कॅलेंडरच्या बाजूला वहीत दोन रकाने आखले, 'कमी' आणि 'जास्त'. दशांश अपूर्णांक तिला पुस्तकातून मी नंतर शिकवले, ते तासाभरात झाले. पण उत्तर बरोबर येऊनही हिशोब चुकू शकतो, कारण नोंदच अपुरी असते, हे मी शिकवू शकले नसते. हो, आणि रोज असं होत नाही. बाकीचे २९ दिवस ती आळसावलेल्या चेहऱ्याने फुली मारते आणि जाते. रीलमध्ये फक्त तो एक दिवस दिसतो.

आठ चाळीसला आम्ही तिघं खाली उतरतो. कारण धाकट्याला शाळेत सोडायचं असतं.

होय, धाकटा शाळेत जातो. पहिलीत आहे, महापालिकेच्या शाळेत, नऊच्या आधी पोचायचं असतं आणि तो उड्या मारत जातो. लोकांना याचं फार नवल वाटतं, होमस्कूलिंग करणाऱ्या काही पालकांना तर रागच येतो. पण आमचं शाळेशी भांडण नाही. एका मुलीची सकाळ एका शाळेत बिघडली होती, तेवढंच आम्ही दुरुस्त करायला गेलो.

नऊ ते साडेदहा अभ्यास. बस, दीड तास.

इथे प्रत्येक जण थांबतो. शाळेत सहा तास आणि तुमच्याकडे दीड? यामागचं गणित सोपं आहे. शाळेच्या सहा तासांत हजेरी, प्रार्थना, सुट्टी, वह्या तपासणं, वर्ग शांत करणं आणि पन्नास जणांपैकी ज्याला समजलं नाही त्याच्यासाठी थांबणं हे सगळं येतं. त्यात शिक्षकांचा दोष नाही, पन्नास मुलं म्हटल्यावर ते होणारच. एकास एक बसलं की हा सगळा वेळ गळून पडतो. बेंजामिन ब्लूम नावाच्या अमेरिकन शिक्षणतज्ज्ञाने १९८४ मध्ये यावर एक गाजलेला लेख लिहिला होता. एकेका विद्यार्थ्याला स्वतंत्र शिकवणी दिली, तर त्यातला सरासरी विद्यार्थी नेहमीच्या वर्गातल्या ९८ टक्के मुलांच्या पुढे जातो, असं त्याच्या प्रयोगांत दिसलं. होमस्कूलिंगवाले हा आकडा फार मिरवतात. पण नंतरच्या अभ्यासांत हा फायदा यापेक्षा बराच कमी निघाला, हे मात्र कुणी सांगत नाही. आणि ब्लूमचे शिकवणारे प्रशिक्षित होते. भाजी फोडणीला टाकून लसावि समजावणारी आई त्याने धरलेली नव्हती.

आमचं साहित्य साधं आहे. बालभारतीची पुस्तकं, जी ई-बालभारतीच्या संकेतस्थळावर पीडीएफमध्ये फुकट मिळतात. किशोर मासिकाचे जुने अंक, १९७१ पासून निघणारं मासिक आहे आणि त्याचे अंकही ऑनलाइन वाचता येतात. एक फळा. एक पृथ्वीचा गोल, तोही भावाच्या मुलाचा जुना. गणित चाळीस मिनिटं, मग मराठी किंवा इंग्रजी. विज्ञान आणि इतिहास आठवड्यातून दोनदा.

बुधवारी मात्र टेबल नाही. धाकट्याला त्या दिवशी आजी सोडतात आणि आम्ही दोघी सातलाच पांडवलेणीला जातो. चोवीस लेणी आहेत. तिसऱ्या लेण्यात गौतमी बलश्रीचा लेख आहे, आपला मुलगा गौतमीपुत्र सातकर्णी किती थोर होता हे सांगणारा, नातवाच्या राज्यात कोरलेला. सातवाहनांचा धडा पुस्तकात चार ओळींत संपतो. इथे लेक त्या भिंतीसमोर उभी राहून म्हणाली, "म्हणजे त्याच्या आईने त्याचं स्टेटस ठेवलंय." मी हसले, पण चुकीचं काय बोलली?

हे झालं चांगलं. आता जे फसलं ते.

पहिले तीन महिने मी घरात शाळाच काढली होती. भिंतीवर वेळापत्रक, प्रत्येक तासाला मोबाईलवर घंटा, वहीला समास, तारीख, वार. सकाळी साडेसहाला उठवणं. आठव्या की नवव्या दिवशी लेकीने सहा पस्तीसला उलटी केली.

व्हॅन नव्हती, शाळा नव्हती, फळ्यापुढे मी होते.

त्या दिवशी मी वेळापत्रक फाडून टाकलं असं लिहायला मला आवडलं असतं. तसं झालं नाही. मी अजून दोन महिने ते रेटलं, कारण मला भीती होती. पोर्शन मागे पडला तर? सासूबाई काय म्हणतील? उद्या हिला परत शाळेत घालायची वेळ आली आणि हिला काहीच येत नसलं तर? शाळेतून काढलेल्या मुलाला सावरायला, जितकी वर्षं शाळेत गेलं तितके महिने मोकळे द्यावेत, असा एक ठोकताळा होमस्कूलिंगवाल्यांत चालतो. त्याला शास्त्रीय आधार आहे असं मी म्हणणार नाही. पण मेच्या सुट्टीत आम्ही गावी गेलो, महिनाभर काहीच केलं नाही आणि परत आल्यावर लेकीने आपण होऊन पुस्तक उघडलं. तेव्हा कळलं की सावरायला वेळ मलाच हवा होता.

आता सगळ्यात जास्त विचारला जाणारा प्रश्न. हे कायदेशीर आहे का?

उत्तर सरळ नाही. घटनेच्या कलम २१-अ नुसार ६ ते १४ वर्षांच्या प्रत्येक बालकाला मोफत आणि सक्तीच्या शिक्षणाचा हक्क आहे. त्यासाठीचा शिक्षण हक्क कायदा २००९ चा, तो १ एप्रिल २०१० पासून लागू झाला. त्याच्या कलम १० मध्ये म्हटलंय की मुलाला जवळच्या शाळेत दाखल करणं हे पालकाचं कर्तव्य आहे. पण ते कर्तव्य पाळलं नाही तर पालकाला काय शिक्षा, हे कायद्यात कुठेच नाही. होमस्कूलिंग हा शब्दही नाही. २०१२ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयातल्या एका प्रकरणात केंद्र सरकारने प्रतिज्ञापत्र दिलं, त्याचा सूर असा होता की घरी शिकवणाऱ्या पालकांच्या आड हा कायदा येत नाही. म्हणजे मान्यता नाही आणि गुन्हाही नाही. मधलीच जागा.

या मधल्या जागेत राहणं कसं असतं, ते आम्हाला एका सकाळी कळलं. शाळाबाह्य मुलांचं सर्वेक्षण करत जवळच्या शाळेतल्या एक बाई दारात आल्या. वेळ दहाची, लेक समोरच बसलेली. "ही शाळेत जाते का?" नाही. "काम करते का कुठे?" नाही. बाईंनी पेन खाली ठेवलं. मी सगळं सांगितलं. त्यांनी लेकीला जवळ बोलावलं, तिच्या हातातलं पुस्तक वाचून घेतलं, दोन गणितं घातली. मग मला म्हणाल्या, "ताई, हिला येतंय सगळं. पण मी फॉर्ममध्ये काय लिहू?" त्या सर्वेक्षणाचा हेतू वीटभट्टीवरचं, ऊसतोडीच्या फडातलं, लग्नासाठी घरी बसवलेलं पोर शोधण्याचा आहे. ते पोर सापडायलाच हवं. आणि त्या पोराच्या यादीत माझी मुलगी, पंख्याखाली बसून किशोर वाचणारी. मला लाज वाटली, ती अजून पुसली गेलेली नाही. बाईंनी शेवटी 'इतर कारण' लिहिलं, चहा घेतला आणि जाताना सांगितलं की परत घालायचं झालं तर जूनची वाट बघू नका.

त्यांचं म्हणणं कायद्याला धरून आहे. याच कायद्याचं कलम ४ सांगतं की शाळेत कधी न गेलेल्या किंवा मधूनच सुटलेल्या मुलाला त्याच्या वयाला योग्य त्या वर्गात प्रवेश मिळतो, आणि मागे राहिलेलं भरून काढायला विशेष प्रशिक्षण घेण्याचा हक्कही. थोडक्यात, परतीचं दार उघडं आहे. होमस्कूलिंग सुरू करणाऱ्यांनी हे कलम आधी वाचावं.

परीक्षेचं काय? राष्ट्रीय मुक्त विद्यालयी शिक्षण संस्था, म्हणजे एनआयओएस, ही केंद्र सरकारची संस्था आहे. तिथे वयाची १४ वर्षं पूर्ण झाली की दहावीला बसता येतं. पाच विषय, त्यात किमान एक भाषा. त्याआधी तिसरी, पाचवी आणि आठवीच्या पातळीच्या परीक्षाही आहेत. दुसरा रस्ता आपल्या सगळ्यांच्या ओळखीचा, राज्य मंडळाचा १७ नंबरचा फॉर्म. बाहेरून दहावी-बारावी देणारे तोच भरतात आणि त्याला शाळा सोडल्याचा दाखला लागतो. म्हणून तो दाखला जपून ठेवा. आमचा मी लॅमिनेट करणार होते, भावाने वेळीच थांबवलं.

इथे हमखास मालविका जोशीचं नाव निघतं. मुंबईची मुलगी, सातवीत असताना आईने शाळेतून काढलं, त्यासाठी आईने स्वतःची नोकरी सोडली. संगणकाच्या आंतरराष्ट्रीय ऑलिंपियाडमध्ये तिने दोन रौप्य आणि एक कांस्य पदक मिळवलं आणि २०१६ मध्ये अमेरिकेतल्या एमआयटीत तिला प्रवेश मिळाला. बारावीचं प्रमाणपत्र नसल्यामुळे आपल्याकडच्या आयआयटीची दारं मात्र तिला बंद होती. तिची गोष्ट खरी आहे आणि भारी आहे. पण ती ऐकवून कुणी तुम्हाला होमस्कूलिंग विकत असेल तर सावध राहा. ती लाखात एक आहे. माझी लेक सध्या सतराचा पाढा विसरते.

आणि पैशांचं. वरवर होमस्कूलिंग स्वस्त दिसतं, व्हॅन नाही, फी नाही, युनिफॉर्म नाही. पण आधी मी ऑफिसला जायचे तेव्हा जे कमवायचे, त्याच्या निम्मंही आता कमवत नाही. ती फी कुठल्या पावतीवर दिसत नाही एवढंच. नवऱ्याला फर्स्ट शिफ्ट नसेल त्या आठवड्यात गणित तो घेतो, स्वयंपाक नाही. हे लिहिलेलं तो वाचणार आहे.

साडेदहानंतर दुकान, मग अकराला माझं काम परत सुरू होतं. तेव्हा लेक आजीजवळ असते. आधी दोघींचं फक्त टीव्ही बघणं चालायचं. मग एकदा लेकीने इतिहासाचा धडा मोठ्याने वाचायला घेतला आणि आई म्हणाल्या, "हळू वाच, मला कळू दे." आता रोज अर्धा तास तो वाचनाचा असतो. आईंना पुढचा धडा हवा असतो आणि लेकीला कंटाळा आलेला असतो, यावरून दोघींची भांडणं होतात. आई मला अजूनही म्हणतात की पोरीला शाळेत घाल. मतं बदललेली नाहीत.

गेल्या महिन्यात लेकीनेच विषय काढला. तिला वर्गात बसून बघायचंय. कारण विचारलं तर म्हणाली, कबड्डीला सात जणी लागतात आणि घरी आपण चौघं-पाच जण आहोत, त्यात आजी खेळत नाही. हे कारण मला खोडता आलं नाही. मैत्रिणी हा आमच्या सकाळीतला मोठा खड्डा आहे. संध्याकाळी सोसायटीत मुलं भेटतात, पण ती वर्गातल्या गोष्टी बोलतात आणि ही ऐकत बसते.

दोन शाळा बघून आलो. एक दुपारची आहे, बारा ते साडेपाच. दुसरी चांगली वाटली, मैदान मोठं, मुलींचा कबड्डीचा संघही आहे, पण सातवीचे वर्ग सकाळी सात वाजून दहा मिनिटांनी भरतात. लेकीने शिपाईकाकांना वेळ दोनदा विचारून घेतली.

अजून ठरलेलं नाही. एप्रिलअखेर सांगायचंय. तोवर तिने सहाचा गजर लावून बघायचं ठरवलंय, सोमवारपासून रोज. आज गुरुवार. तीन दिवस उठली, आज गजर बंद करून झोपली. उलटी मात्र चारही दिवस नाही.